काडतुसाला करंजीसारखी मुरड घालणारा काउबॉय: एल्मर किथची गोष्ट

दिवाळीत करंज्या करताना नव्याने शिकणाऱ्या मुलीला घरातली मोठी बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. मुरड नीट घाल. मुरड सैल राहिली तर करंजी कढईत उघडते आणि सारण तेलात पसरतं. आणि कडा जास्त दाबल्या तर पारीच फाटते.

बंदुकीच्या काडतुसालाही अशीच मुरड असते. पितळेच्या पुंगळीत दारू भरून वर गोळी बसवली, की पुंगळीचं तोंड गोळीच्या अंगावर किंचित आत वळवायचं, म्हणजे गोळी जागची हलत नाही. या मुरडीला क्रिंप म्हणतात. कारखान्यात हे काम यंत्र करतं. पण अमेरिकेत हजारो लोक वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात आणि त्यांच्यात शंभर वर्षांपासून एक वाद चालू आहे. मुरड घालायची की नाही?

रायफलवाल्यांना विचारलं तर निम्मे म्हणतील घाला, निम्मे म्हणतील अजिबात घालू नका. गंमत म्हणजे दोघेही बरोबर असतात. ते कसं, हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. डोक्यावर भली मोठी हॅट, तोंडात सिगार, कमरेला रिव्हॉल्वर आणि घोडे, खेचरं, शिकार यात गेलेली हयात. त्याचं नाव एल्मर किथ.

जळालेला हात

एल्मर किथचा जन्म ८ मार्च १८९९ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हार्डिन गावचा. पुढे त्याचं कुटुंब पश्चिमेला मोंटानात आलं. १९११ मध्ये मिझुला शहरात ते ज्या इमारतीत उतरले होते तिला आग लागली. बारा वर्षांचा एल्मर त्या आगीत इतका भाजला, की तो जगेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

तो जगला, पण डावा हात कामातून गेल्यासारखा झाला. भाजलेली कातडी आखडली आणि पंजा मागे वळून तसाच जखडला. शेवटी घरच्यांनीच तो हात जबरदस्तीने सरळ करून फळीला बांधला. त्या काळात भूल देऊन शस्त्रक्रिया करणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलाने ते सोसलं आणि हात पुन्हा वापरता येऊ लागला. त्याच हातांनी पुढे त्याने बेफाम घोडे वठणीवर आणले, साच्यात शिसं ओतलं आणि आयुष्यभर काडतुसं भरली.

कुटुंब हेलेना शहरात राहत असताना त्याला वेगळेच मास्तर मिळाले. अमेरिकन यादवी युद्धात लढलेले म्हातारे सैनिक आणि गव्यांच्या शिकारीचा काळ पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून तो रिव्हॉल्वर चालवायला शिकला, जुन्या शार्प्स रायफली हाताळायला शिकला आणि काडतूस भरायलाही शिकला.

तेव्हाच्या पश्चिमेत काडतूस घरी भरणं हा छंद नव्हता. दुकान लांब, पैसे कमी. पितळेची पुंगळी एकदा वापरून फेकून देणं परवडायचं नाही. मग ती साफ करायची, पुन्हा मापात आणायची, तळाला नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि घरी ओतलेली शिशाची गोळी वर बसवायची. शेवटची पायरी मुरडीची. ती कुठे घालायची आणि कुठे नाही, हे प्रत्येकाने अनुभवातून शिकायचं.

मुरड लागते कशाला?

गोळी पुंगळीत मुळात घट्टच बसते. पुंगळीचं तोंड गोळीपेक्षा केसभर लहान ठेवलेलं असतं आणि पितळ आपल्या ताणाने गोळीला धरून ठेवतं. ही झाली पकड. मुरड त्याच्यावरची. पकड सैल असेल तर नुसती मुरड घालून भागत नाही, हे पहिलं सूत्र.

मग ही जास्तीची मुरड हवी कधी? त्यासाठी बार उडाल्यावर बाकीच्या काडतुसांचं काय होतं ते बघायला हवं.

रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये सहा काडतुसं असतात. पहिली गोळी सुटली, की बंदूक झटक्याने मागे येते. उरलेल्या पाच पुंगळ्याही तिच्यासोबत मागे खेचल्या जातात, पण त्यांच्यातल्या जड गोळ्या जागीच राहू बघतात. एसटीने अचानक वेग घेतला की उभा प्रवासी मागे फेकला जातो, तसलाच प्रकार. प्रत्येक धक्क्याला गोळी पुंगळीतून थोडी थोडी पुढे सरकते. जास्त सरकली तर तिचं टोक सिलिंडरच्या बाहेर येतं, सिलिंडर फिरायचं थांबतं आणि हातातली बंदूक ऐन वेळी लोखंडाचा तुकडा होऊन बसते.

काउबॉय चित्रपटांतल्या खालची कडी ओढायच्या रायफलीत उलटी अडचण. तिच्यात काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी असतात. पुढून स्प्रिंगचा दाब आणि वरून धक्का. इथे गोळी पुंगळीत आत ढकलली जाते. आत गेली की दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो.

पेटीसारखं मॅगझिन असलेल्या जड रायफलीतही असंच. धक्क्यासरशी काडतुसं समोरच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी आत दबते. हत्तीच्या शिकारीच्या दुनळी रायफलीत मात्र रिव्हॉल्वरसारखी स्थिती. पहिली नळी उडाली की दुसऱ्या नळीतली गोळी पुढे सरकू बघते.

आणि निशाणेबाजीची रायफल? तिच्यात बहुतेक वेळा एकच काडतूस हाताने ठेवतात. ते कोणाचा धक्का खात नाही. तिथे मुरडीला कामच नसतं, उलट ती नडू शकते. पुंगळ्यांच्या लांबीत थोडा जरी फरक असला तर एकीला मुरड जास्त बसते, दुसरीला कमी. मग प्रत्येक गोळी वेगळ्या जोराने सुटते आणि निशाण पसरतं. गोळीवर मुरडीसाठी खाच नसेल आणि तरीही दाबून मुरड घातली, तर तांब्याचं आवरण चेपतं किंवा पुंगळीचा खांदा फुगतो. तसं काडतूस चेंबरमध्ये बसतच नाही.

कथलाने दिलेला धडा

गोळी किती घट्ट धरावी याचा मोठा धडा अमेरिकेला १९२१ मध्ये मिळाला. ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरीला दरवर्षी राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा व्हायच्या. त्या वर्षी फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी कारखान्याने नळीत तांब्याचा थर बसू नये म्हणून गोळ्यांवर कथलाचा मुलामा दिला. कल्पना चांगली होती. पण दिवस गेले तसं कथील पुंगळीच्या पितळेला आपोआप चिकटत गेलं, जणू कोणी गोळीला डाख दिला असावा.

त्यात नेमबाजांना गोळीला ग्रीस लावायची जुनी सवय. गोळी सुटायची तर पुंगळीच्या तोंडाला किंचित फुगायला जागा लागते. ग्रीसने ती जागाही भरली. दाब वाढून काही रायफलींचं नुकसान झालं. गोळी सैल असणं जसं वाईट, तसंच ती सुटू नये इतकी घट्ट असणंही वाईट, हे तिथे सिद्ध झालं.

किथही १९२० च्या दशकात कॅम्प पेरीच्या स्पर्धांमध्ये उतरला. रानातल्या रायफलीपेक्षा ही दुनिया वेगळी होती. इथे काडतूस एकेक करून भरायचं, आणि प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच निघणं हेच सगळं.

४ जुलैचा बार

किथला मात्र ओढ होती ती रिव्हॉल्वरची. कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर त्याचं आवडतं. घोडेस्वाराला अडचणीत उपयोगी पडेल इतकी ताकद त्यातून काढायची, हा त्याचा ध्यास. त्यापायी तो .४५ कोल्टमध्ये रायफलची जड गोळी आणि दारूचा मोठा बार भरू लागला.

१९२५ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आनंदाच्या भरात त्याने घराच्या वरच्या मजल्यावरून बार उडवायला सुरुवात केली. एका बारासरशी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरचा वरचा भाग उडून गेला, त्यावरची लोखंडी पट्टीही गेली. एकदा आगीतून वाचलेला हा माणूस दुसऱ्यांदा वाचला.

दुसरा कोणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. किथने फुटलेलं सिलिंडर नीट पाहिलं. .४५ ची गोळी जाड, त्यामुळे सहा भोकं पाडल्यावर मधल्या आणि बाहेरच्या भिंती पातळ उरतात. तेवढ्याच सिलिंडरमध्ये .४४ ची भोकं पाडली तर पोलाद जास्त शिल्लक राहतं. म्हणून तो .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला. हा बदल त्याच्या पुढच्या तीस वर्षांचं काम ठरला.

१९२८ मध्ये हॅरॉल्ड क्रॉफ्ट नावाचा पूर्वेकडचा एक शौकीन त्याला भेटायला ऑरेगनमधल्या डर्की इथल्या रँचवर आला. दोघांच्या डोक्यातून एक खास .४४ रिव्हॉल्वर तयार झालं. ते पाचव्या क्रमांकाचं रिव्हॉल्वर म्हणून ओळखलं जातं. १९२९ मध्ये किथने त्यावर अमेरिकन रायफलमन मासिकात लेख लिहिला. शाळा फारशी न शिकलेला रँचवरचा गडी देशभर माहीत झाला.

खाच असलेली गोळी

त्याच सुमारास किथने आपली गोळी आखली. तिचा साचा आयडियल आणि लायमन या नावांनी विकला गेला आणि त्याचा ४२९४२१ हा क्रमांक आजही गोळ्या ओतणाऱ्यांना पाठ असतो. वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे साधारण १६ ग्रॅम. टोक टोकदार नाही, सपाट. अंगावर सारख्या रुंदीचे तीन पट्टे, वंगणासाठी चौकोनी खाच, आणि या सगळ्यात महत्त्वाची, मुरडीसाठी एक खोल, तिरकी खाच.

ही खाच म्हणजे किथचं मुरडीच्या वादाला दिलेलं उत्तर होतं. तोपर्यंत अनेक जण हाती लागेल त्या गोळीवर मुरड दाबायचे. किथने मुरड आधी धरली आणि गोळी तिच्याभोवती बेतली. खाच खोल असल्याने पुंगळीची कड आरामात आत बसते, शिसं चेपत नाही आणि धक्क्याने गोळी हलत नाही. शिवाय मुरड पक्की असली की जड बाराची दारू पेट घेईपर्यंत गोळी क्षणभर थांबते आणि बार एकसारखा जळतो. खाचेच्या पुढचा पट्टा पूर्ण जाडीचा ठेवल्यामुळे काडतूस चेंबरमध्ये सरळ बसतं.

पण मुरडीची जागा ठरली की काडतुसाची लांबीही ठरते. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम बाजारात आलं. किथने याच घाटाची .३८ साठीची गोळी केली होती. ती .३५७ च्या पुंगळीत बसवून खाचेत मुरड घातली, तर काडतूस स्मिथ अँड वेसनच्या त्या रिव्हॉल्वरच्या सिलिंडरपेक्षा लांब व्हायचं. मग लोक आखूड .३८ स्पेशलची पुंगळी वापरायचे, नाहीतर गोळी खोल बसवून पुढच्या पट्ट्यावरच मुरड घालायचे. कागदावर उत्तम असलेली गोष्ट दुसऱ्या बंदुकीत अडते, ती अशी.

मोठी गोळी, मोठा वाद

किथ फक्त रिव्हॉल्वरवाला नव्हता. आयडाहोच्या डोंगरांत तो शिकाऱ्यांना वाट दाखवायचा, त्यांचं सामान खेचरांवर लादून न्यायचा. एल्क आणि अस्वलासारखी मोठी जनावरं जखमी होऊन पळताना त्याने पाहिली होती. त्यावरून त्याचं मत पक्कं झालं, की गोळी मोठी आणि जड हवी.

चार्ली ओनील आणि डॉन हॉपकिन्स या दोघांसोबत त्याने १९४० च्या दशकात .३३३ ओकेएच हे रायफलचं काडतूस तयार केलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे ओकेएच. .३०-०६ च्या पुंगळीचं तोंड रुंद करून त्यात ब्रिटिश .३३३ जेफ्री रायफलच्या जड गोळ्या बसवायच्या. दारू मागून न पेटता पुढून पेटावी म्हणून त्यांनी पुंगळीत बारीक नळी घालूनही प्रयोग केले. ती नळी टिकली नाही. पण जड .३३ गोळीची कल्पना टिकली आणि १९५८ मध्ये विंचेस्टरने .३३८ मॅग्नम आणलं.

याच मतावरून त्याचं जॅक ओकॉनरशी वाजलं. ओकॉनर हा पत्रकारितेचा प्राध्यापक, आउटडोअर लाइफ मासिकाचा बंदूक संपादक, सफाईदार लिहिणारा. त्याचं म्हणणं, हलकी आणि वेगवान गोळी नेमकी लागली की पुरे. त्याची लाडकी रायफल .२७० विंचेस्टर. एकीकडे शिकलेला प्राध्यापक, दुसरीकडे घोड्यावरचा काउबॉय. वाचकांचे दोन तट पडले आणि हा वाद दोघांच्या मरणानंतरही संपलेला नाही.

दोघांच्या वादातही मुरडीचं उत्तर लपलेलं आहे. किथच्या जड गोळीचा धक्का मोठा, त्यामुळे मॅगझिनमधल्या काडतुसांना मुरडीचा आधार हवा. ओकॉनरच्या सौम्य धक्क्याच्या रायफलीत चांगली पकड असेल तर मुरडीवाचून भागतं.

बाजारात आलेलं स्वप्न

दुसऱ्या महायुद्धात किथ युटा राज्यातल्या ऑग्डेन आर्सेनलमध्ये शस्त्रं तपासायच्या कामावर होता. त्याने पास केलेल्या रायफलींच्या लाकडी दस्त्यावर ओजीईके असा शिक्का असायचा. त्यातलं ईके म्हणजे एल्मर किथ. जुन्या रायफली जमवणारे आज तो शिक्का शोधत फिरतात.

युद्ध संपल्यावर तो आयडाहोतल्या सॅमन गावी स्थिरावला आणि कारखान्यांच्या मागे लागला. त्याचं मागणं साधं होतं. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० फूट वेगाने सोडणारं .४४ चं काडतूस बनवा. कारखाने कचरायचे. कारण बाजारात .४४ ची जुनी, कमजोर रिव्हॉल्वरं भरपूर होती. नवं काडतूस कोणी त्यात घातलं तर? ४ जुलैला किथच्या हातात जे झालं, ते शेकडो घरांत झालं असतं.

तोडगा सोपा निघाला. पुंगळी सुमारे ३ मिलिमीटरने लांब केली. लांब काडतूस जुन्या .४४ स्पेशलच्या सिलिंडरमध्ये पूर्ण आत जातच नाही. रेमिंग्टनने काडतूस केलं, स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्वर केलं आणि १९५५ संपून १९५६ लागता लागता .४४ मॅग्नम जगासमोर आलं. वेग किथच्या मागणीपेक्षाही जास्त होता. १९७१ मध्ये डर्टी हॅरी या चित्रपटात क्लिंट ईस्टवूडच्या हातात ते रिव्हॉल्वर दिसलं आणि त्याला प्रचंड मागणी आली.

किथने मात्र त्यात आपलीच, घरी ओतलेली, खोल खाचेची गोळी भरली. याच रिव्हॉल्वरने त्याने जखमी होऊन पळणारं एक हरीण ६०० यार्डांवर, म्हणजे जवळपास ५५० मीटरवर टिपल्याचं लिहिलं. अनेकांनी त्याला थापाड्या म्हटलं. एवढ्या लांब रिव्हॉल्वर मारणं शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. हा डाग त्याला मरेपर्यंत खुपला. त्याच्या आत्मचरित्राचं नावसुद्धा आपण तिथे होतो हे ठासून सांगणारं आहे.

किथ काय ठेवून गेला?

१९७३ मध्ये अमेरिकेत उत्कृष्ट पिस्तूलबाजाचा पुरस्कार सुरू झाला, त्याचा पहिला मानकरी किथ होता. १९८१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १४ फेब्रुवारी १९८४ ला तो गेला. नंतर त्याच्या बंदुकांचा लिलाव झाला.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. त्यामुळे हा वाद आपल्यासाठी घरात करून बघायचा नाही, समजून घ्यायचा आहे.

तर, मुरड घालायची की नाही? किथच्या आयुष्याकडे पाहिलं की प्रश्न बदलतो. काडतूस आपली पाळी येईपर्यंत कुठे थांबणार आहे आणि तिथे त्याला किती धक्के बसणार आहेत, हे आधी विचारायचं. सिलिंडरमध्ये, नळीच्या मॅगझिनमध्ये किंवा हत्तीच्या रायफलीत थांबणार असेल तर मुरड हवी, आणि तीही गोळीवर खाच असेल तिथेच. निशाणेबाजीच्या रायफलीत एकटंच जाणार असेल तर मुरडीवाचून बरं. आणि दोन्हीकडे पुंगळीची पकड आधी चांगली हवी. करंजीतही पारी नीट लाटलेली असेल तरच मुरड धरते.